अमेरिकेत हॉटेलात टिप कोणाला, किती आणि कशी द्यायची?

मुक्ता_कराड

नमस्कार मंडळी, आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत, भावाकडे, न्यू जर्सीला. त्याला सुट्टी फार नाही म्हणून नायगारा आणि वॉशिंग्टन ते दोघंच बस टूरने करणार आहेत, म्हणजे हॉटेलात राहणं आलंच. भाऊ म्हणतो टिप द्यावीच लागते, पण किती आणि कोणाला विचारलं की "बघू तेव्हा" एवढंच उत्तर मिळतं. खोली साफ करणाऱ्यांना रोज द्यायची की निघताना एकदम? बॅगा वर आणून देणाऱ्याला किती? रिसेप्शनवरच्यांनाही द्यायची का? आणि भावाने आधी बघितलेल्या एका हॉटेलच्या बुकिंगवर रिसॉर्ट फी असं काहीतरी होतं, त्यातच टिप धरलेली असते का?

बाबा एसटीतून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं खोलीचं भाडं भरलंय मग वर परत कशाला. आई म्हणते आपण घरी कामाला येणाऱ्या मावशींना दिवाळीला देतो ना, मग तिथे का नको. दोघांचंही मला पटतं. तिथे राहणाऱ्यांनी नीट आकडे सांगितले तर बरं होईल, बाबांना आकडा सांगितला की ते ऐकतात.

जर्सीवाला_दादा

मुक्ताताई, आकडेच देतो. हाउसकीपिंगला एका खोलीमागे रात्रीचे 2 ते 5 डॉलर, साध्या हॉटेलात 2-3, भारीतल्या हॉटेलात 5. बॅगा उचलून खोलीपर्यंत आणल्या तर बॅगेमागे 1-2 डॉलर, बॅग खूपच जड असेल तर थोडे जास्त द्या. एअरपोर्टहून हॉटेलच्या शटलने आलात आणि ड्रायव्हरने सामान चढवलं-उतरवलं तरी तेच, बॅगेमागे 1-2. गाडी पार्किंगमधून आणून देणाऱ्याला 2 ते 5, पण काका-काकू गाडीने जात नाहीयेत म्हणजे तो प्रश्नच नाही. रिसेप्शनवर टिप देत नाहीत. फ्री ब्रेकफास्टच्या ठिकाणी प्लेटा उचलणारे कोणी असतील तर टेबलवर एक-दोन डॉलर ठेवले तर चांगलं, नाही ठेवले तरी कोणी काही म्हणत नाही. रूम सर्व्हिस मागवलीत तर बिल आधी पूर्ण वाचा, बऱ्याचदा 18-20 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, आधीच लावलेली असते, त्यावर परत द्यायची गरज नाही.

रिसॉर्ट फी ही टिप नाही, तो पैसा हॉटेलचा, वायफाय, जिम, स्विमिंग पूल वगैरेच्या नावाखाली घेतात. मे 2025 पासून तिथे नियम आलाय की ही फी धरून पूर्ण भाडं सुरुवातीलाच दाखवायचं, त्यामुळे आता शेवटच्या पानावर एकदम वाढीव आकडा दिसत नाही. पण भाड्यात धरली म्हणून ती कामगारांना मिळते असं नाही.

अजून एक, बस टूरवाले गाइड आणि ड्रायव्हरसाठी माणशी दिवसाला ठरावीक रक्कम बऱ्याचदा वेगळी घेतात आणि ते बुकिंगच्या कागदावर खाली बारीक अक्षरात असतं. काकांना ते आधी दाखवून ठेवा, नाहीतर बसमध्ये कोणी पैसे गोळा करायला आलं की त्यांना उगाच फसवल्यासारखं वाटेल.

स्पष्टवक्ता_नाशिक

माझं मत काकांच्या बाजूने. पगार देणं हे मालकाचं काम आहे, ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात का मारायचं? अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगारांचा केंद्राचा किमान पगार तासाला 2.13 डॉलर आहे आणि तो 1991 पासून वाढलेला नाही. जोपर्यंत लोक देत राहतील तोपर्यंत मालक पगार वाढवणार नाहीत. 2014 मध्ये मॅरियटने खोल्यांमधून टिपसाठी पाकिटं ठेवायला सुरुवात केली तेव्हा तिथल्याच लोकांनी विचारलं होतं की एवढी मोठी कंपनी स्वतःच पगार का वाढवत नाही. रास्त प्रश्न होता.

जर्सीवाला_दादा

प्रश्न रास्तच आहे, पण 2.13 चा आकडा मुख्यतः वेटर लोकांचा. खोल्या साफ करणाऱ्यांना सहसा तो लागू नसतो, त्यांना पूर्ण किमान वेतन मिळतं, केंद्राचं 7.25 डॉलर, तेही 2009 पासून तिथेच अडकलंय, काही राज्यांत याच्या दुप्पट आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. पण म्हणून त्या बायकांचं काम हलकं होत नाही. वेटरला प्रत्येकजण देतो कारण तो समोर उभा असतो, खोली आवरणारी कोणाला दिसतच नाही म्हणून तिला बरेच लोक देत नाहीत. मालकावर राग असेल तर तो तिच्यावर काढू नये असं मला मनापासून वाटतं.

वेंगुर्ल्याची_लेक

मी दुबईत एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते, त्यामुळे यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका शिफ्टला बारा-पंधरा खोल्या असायच्या. गेस्ट अजून राहतोय ती खोली लवकर होते, पण चेकआउटची खोली म्हणजे सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल बदलायचे, बाथरूमच्या काचेवरचे पाण्याचे डाग घासायचे, ड्रेनच्या जाळीतले केस काढायचे, गादीचा कोपरा उचलून चादर आत खोचायची. ते गादी उचलणंच सगळ्यात वाईट, दिवसभरात किती वेळा वाकतो याला गणती नाही, पाठ कायमची धरते. आणि तीन वाजता पुढचा गेस्ट खाली लॉबीत येऊन उभा असतो.

आता कामाची गोष्ट, ही बऱ्याच जणांना माहीत नसते. पैसे नुसते टेबलवर टाकून बाहेर गेलात तर आम्ही त्याला हात लावत नाही. गेस्ट अजून राहतोय, त्याचे सुटे पैसे असतील, विसरले असतील, उचलले आणि त्याने तक्रार केली तर नोकरी जाते. आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं की चिठ्ठी नसेल तर हात लावायचा नाही. म्हणून हॉटेलच्या पॅडवर "फॉर हाउसकीपिंग, थँक यू" एवढं इंग्रजीत लिहून पैसे त्यावर ठेवा, उशीवर किंवा टीव्हीखालच्या टेबलवर, कुठेही पटकन दिसेल असं.

आणि रोज ठेवा. आज जी बाई खोली करते ती उद्या सुट्टीवर असू शकते, चार दिवसांचे एकदम शेवटी ठेवले तर ज्या मुलीने फक्त शेवटच्या दिवशी काम केलं तिलाच सगळे मिळतात. फक्त कोविडनंतर बऱ्याच हॉटेलात सांगितल्याशिवाय रोज साफसफाई करत नाहीत, खोली केलीच नाही त्या दिवशी ठेवायची गरज नाही, पण निघताना मात्र नक्की ठेवा कारण चेकआउटची खोली सगळ्यात जड. आणि मुक्ता, काकूंना सांग की नाणी नकोत, नोटा ठेवायच्या. आम्हाला लोक आपापल्या देशाची चिल्लर ठेवून जायचे, मनी एक्स्चेंजवाला नाणी घेतच नाही, ती तशीच डब्यात पडून राहायची.

प्रवासी_पार्लेकर

चांगला धागा. आम्ही एप्रिलमध्ये जपानला चाललोय, तिथे पण हेच आकडे धरायचे का?

ओसाकाकर

नाही नाही, जपानमध्ये अजिबात नको. खोलीत पैसे ठेवलेत तर विसरले असं समजून रिसेप्शनवर जमा करतील, हॉटेलातच काय, रेस्टॉरंटमध्येही सुटे पैसे टेबलवर राहिले तर मागे धावत येऊन परत देतात. मोठ्या हॉटेलात 10-15 टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच असतो. फक्त जुन्या धाटणीच्या जपानी मुक्कामघरात, म्हणजे पारंपरिक र्‍योकानमध्ये राहणार असाल तर तिथे जेवण खोलीत आणून वाढणाऱ्या बाईंना सुरुवातीलाच छोट्या पाकिटात पैसे देण्याची जुनी पद्धत आहे, पण परदेशी पाहुण्यांकडून कोणी ती अपेक्षा करत नाही. द्यायचेच असतील तर नोट उघडी हातात देऊ नका, पाकिटात घाला. गरम पाण्याच्या झऱ्याच्या ठिकाणी बिलावर माणशी साधारण 150 येन दिसतील, तो कर आहे. आभार मानायचे असतील तर घरून चितळ्यांची बाकरवडी किंवा असंच काही पॅकबंद न्या, ते खूप आनंदाने घेतात.

मुक्ता_कराड

वेंगुर्ल्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, रोजचे तीन डॉलर ठरवू. दादा, आता एकच शंका राहिली, इथे मनी चेंजरकडे विचारलं तर तो 50 आणि 100 च्याच नोटा देतोय, सुटे एक-एक डॉलर आणायचे कुठून?

जर्सीवाला_दादा

इथे शोधत बसू नका. भावाला सांगा, आई-बाबा पोचायच्या आधी बँकेतून एक डॉलरच्या पन्नास आणि पाचच्या दहा नोटा काढून ठेव, काउंटरवर मागितल्या की मिळतात. संपल्या तर हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर वीसची नोट देऊन सुटे मागायचे, बहुतेक वेळा देतात. आणि काकांना सांगा, त्या नोटा पासपोर्टच्या पाऊचमध्ये नकोत, शर्टाच्या खिशात वेगळ्या ठेवा, म्हणजे बॅगवाल्यासमोर सगळं पाऊच उघडायला लागत नाही.