‘आऊटलॉ किंग’: पिंजरा कुणाचा आणि दाखवला कुणाला?

मृण्मयी_क

नेटफ्लिक्सवरचा ‘आऊटलॉ किंग’ (२०१८, दिग्दर्शक डेव्हिड मॅकेन्झी) पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १३०४ साली स्कॉटलंडचे सरदार इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डपुढे शरणागती पत्करतात. १३०६ मध्ये रॉबर्ट ब्रूस आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याला डम्फ्रीजच्या चर्चमध्ये भोसकतो, स्कोनला राज्याभिषेक करवून घेतो, मेथव्हेनच्या लढाईत इंग्रजांकडून सपाटून मार खातो, रानोमाळ भटकतो आणि १३०७ मध्ये लाउडन हिलची लढाई जिंकतो. तिथे कथा संपते.

चिखल, थंडी, घोडे, चिलखतं यांत नाव ठेवायला जागा नाही. इतकी मेहनत घेणाऱ्यांनी माणसांच्या बाबतीत अशी अदलाबदल करावी, याचाच मला राग आहे.

स्कॉटलंडच्या राजाला गादीवर बसवण्याचा मान फाइफच्या मॅकडफ घराण्याचा. त्या वेळी त्या घराण्याचा अर्ल लहान होता आणि इंग्रजांच्या ताब्यात होता. म्हणून त्याच्याच घरची इसाबेला मॅकडफ स्कोनला आली. २५ मार्चचा सोहळा आटोपला होता, तरी तिच्या हातून तो पुन्हा करून घेतला. आता हे बघा: तिचा नवरा म्हणजे बकनचा अर्ल, तोही कॉमिनच, खून झालेल्या कॉमिनचा भाऊबंद. सासरच्या माणसाचा ज्याने जीव घेतला, त्याला तिने राजा केलं. एडवर्डच्या हाती लागल्यावर तिला बेरिकच्या किल्ल्यात लाकडी जाळीच्या, लोखंडाने पक्क्या केलेल्या पिंजऱ्यात ठेवलं. आत शौचाची सोय करावी आणि कुणाही स्कॉट माणसाला तिच्याशी बोलू देऊ नये, इतकं बारीक फर्मान होतं. अशी सुमारे चार वर्षं! ब्रूसची बहीण मेरी हिलाही रॉक्सबराला तसंच ठेवलं होतं.

ब्रूसची राणी एलिझाबेथ मात्र कधीच पिंजऱ्यात नव्हती. तिचा बाप अल्स्टरचा अर्ल, एडवर्डच्या बाजूचा, म्हणून तिला नजरकैदेत ठेवलं. चित्रपटात पिंजऱ्यात लटकते ती एलिझाबेथ (फ्लॉरेन्स प्यू). इसाबेलाने भोगलेलं सगळं उचलून नायिकेला देऊन टाकलं. माझ्या मते हा अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

गडवाट

असहमत. दोन तासांत किती नावं लक्षात ठेवायची प्रेक्षकाने? टोरांटो महोत्सवात दाखवल्यावर दिग्दर्शकाने सुमारे वीस मिनिटं कापली, ती रेंगाळतो म्हणूनच. एलिझाबेथशी आपलं नातं जुळलेलं असतं, त्यामुळे तिला पिंजऱ्यात पाहून पोटात कालवतं. तिसऱ्याच बाईला घातलं असतं तर ते दृश्य माहितीपटासारखं सरकून गेलं असतं. शिक्षा खरी, काळ खरा, क्रौर्य खरं. एक नाव बदललं.

आणि तुलना करायचीच तर १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’शी करा. त्यात स्टर्लिंग ब्रिजच्या लढाईत पूलच नाही, आणि फॉल्कर्कच्या लढाईत ब्रूस चक्क स्कॉट बंडाचा नायक वॉलेस याच्या विरुद्ध लढतो, ज्याला भक्कम पुरावा नाही. ब्रूसची ती बदनामी या चित्रपटाने बरीचशी धुऊन काढली.

मृण्मयी_क

गडवाट, नातं जुळण्यासाठी पाच मिनिटं पुरतात. घोड्यावरून आलेली एक बाई, मागे चिडलेला नवरा, पुढे मुकुट. यापेक्षा नाट्यमय प्रसंग कुठला लेखक रचणार? तो फुकट हाताशी होता. आणि ‘एक नाव बदललं’ म्हणताय, पण त्या बाईच्या वाट्याला इतिहासात नावाखेरीज फार काही उरलेलंच नाही. ब्रूसने पुढे बॅनकबर्नची लढाई जिंकली, त्यानंतर कैदेतून सुटलेल्या बायकांमध्ये तिचा उल्लेखही सापडत नाही.

निशिगंध

पहिला प्रसंग मात्र मानला. मेणबत्त्यांच्या उजेडातला तंबू, एकेकाची शपथ, मग बाहेर येऊन ब्रूसचा एडवर्डच्या मुलाशी, राजपुत्राशी, तलवारीचा सराव आणि शेवटी स्टर्लिंगच्या किल्ल्यावर सुटलेला तो अजस्र दगडफेकी यंत्राचा मारा, सगळं एका सलग शॉटमध्ये. यंत्राचं नाव ‘वॉरवुल्फ’, आणि ते खरंच होतं. किल्लेदार शरण यायला तयार असताना एडवर्डने त्यांना थांबवून ठेवलं, कारण त्याला यंत्र चालवून बघायचं होतं. एडवर्ड कसा माणूस होता ते त्या एका माऱ्यात कळतं.

ग्लासगोकर

इथे राहून या विषयावर बऱ्याच जणांशी वाद घातलेत, म्हणून लिहितो. पिंजऱ्याचा मुद्दा रास्त आहे, पण त्याच पहिल्या प्रसंगात त्याहून मोठी लपवाछपवी आहे. १३०४ मध्ये बाकीच्या सरदारांबरोबर ब्रूसही नाइलाजाने शरण येतोय, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ब्रूस १३०२ पासूनच एडवर्डच्या बाजूला गेला होता. स्टर्लिंगच्या वेढ्यात तो इंग्रजांकडून होता. लढत राहिला होता तो कॉमिन! ज्याला पडद्यावर आपण कुरापतखोर म्हणून बघतो, त्याने १३०४ च्या सुरुवातीपर्यंत झुंज दिली होती. हे कळल्यावर चर्चमधल्या खुनाचा रंगच बदलतो की नाही?

दुसरं, चित्रपट १३०७ मध्ये थांबतो, त्यामुळे १३०८ मध्ये ब्रूसने कॉमिनांचा बकन हा मुलूख जाळून बेचिराख केला, ते आपोआप गळतं. तिथले लोक स्कॉटच होते. हे बंड जितकं इंग्रजांविरुद्ध, तितकंच ते घरातलं यादवी युद्ध होतं. ब्रूस थोरच होता, पण त्याला निष्कलंक दाखवलं की त्याचं थोरपण कळत नाही. खून करून, पोपने बहिष्कृत केल्यावर, तीन भाऊ फासावर गेल्यावर हा माणूस उभा राहिला, ही खरी गोष्ट आहे.

गडवाट

चर्चमधला खून त्यांनी लपवलेला नाही. पाद्री मंडळी पाठिंब्याच्या बदल्यात पापक्षालन करून देतात, हेही दाखवलंय. ग्लासगोच्या बिशप विशर्टने खरोखरच तसं केलं होतं. लाउडन हिलला दलदलीच्या मधल्या अरुंद जागेत चर खणून इंग्रजांचं घोडदळ कोंडलं, हे मुख्य डावपेच बरोबर आहेत. थोड्या माणसांनिशी गनिमी काव्याने लढणारा राजा इतक्या नीट मी दुसऱ्या इंग्रजी चित्रपटात पाहिलेला नाही.

आणि मृण्मयीताई, माणसांची सरमिसळ हा काही आजच्या सिनेमावाल्यांचा शोध नव्हे. जॉन बार्बर या कवीने १३७० च्या दशकात ब्रूसवर दीर्घकाव्य लिहिलं. त्यात त्याने गादीवर हक्क सांगणारा आजोबा ब्रूस आणि राजा झालेला नातू ब्रूस यांना एकच माणूस करून टाकलंय. तरी लाउडन हिलबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्याच काव्यातून आलंय. सहाशे वर्षं लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

मृण्मयी_क

त्याच बार्बरने काव्याच्या पहिल्याच ओळींत म्हटलंय की कल्पित कथाही वाचायला गोड लागतात, मग खऱ्या कथा नीट सांगितल्या तर दुप्पट गोड लागतील. मी दुसरं काय मागतेय?

आता तुमच्या लाउडन हिलकडेच येते. चर बरोबर, दलदल बरोबर. पण शेवटी राजपुत्र एडवर्ड आणि ब्रूस यांचं द्वंद्व होतं आणि घाबरून कोसळलेल्या राजपुत्राला ब्रूस सोडून देतो. राजपुत्र त्या लढाईत नव्हताच, इंग्रज सेनापती एमर द व्हॅलेन्स होता. लढाई मे महिन्यातली आणि थोरला एडवर्ड वारला जुलैत, पण पडद्यावर त्याला आधीच मारलंय.

तारखा सोडा. ब्रूसची बायको, मुलगी, बहिणी शत्रूच्या कैदेत आहेत. पायाशी इंग्लंडच्या गादीचा वारस पडलाय. असा ओलीस कोण सोडतो? १३१४ च्या बॅनकबर्ननंतर नुसता हेरफर्डचा अर्ल हाती लागला, तर त्याच्या बदल्यात ब्रूसने बायको, मुलगी आणि बहीण सोडवून आणल्या. असा हिशेबी राजा जिंकलेला डाव उधळून देईल? इथे इतिहासही मोडला आणि दोन तास उभं केलेलं पात्रही.

ग्लासगोकर

हे पटलं. हेरफर्डचा मुद्दा लक्षात आला नव्हता, पण शेवट बघताना काहीतरी खटकत होतं ते हेच.

निशिगंध

मलाही. पाहताना वाटलं की प्रेक्षकांना टाळी देण्यासाठी घातलंय.

गडवाट

द्वंद्वाची बाजू मी घेणार नाही, तिथे तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पिंजऱ्याबाबत मात्र मी माझ्या मताला चिकटून आहे. धाकट्या मुलीबरोबर चित्रपट पाहिला. ते दृश्य संपल्यावर तिने विचारलं, ‘खरंच असं करायचे का बायकांना?’ मग आम्ही शोधत बसलो आणि इसाबेला आम्हाला त्यातूनच सापडली.

मृण्मयी_क

तुमच्या घरी सापडली, याचा आनंद आहे. पण शोधणारे थोडे असतात. बाकी सगळे राणीच पिंजऱ्यात होती असं समजून उठतात. इसाबेलावर कुणी स्वतंत्र चित्रपट काढला तर पहिल्या दिवशी बघणाऱ्यांत मी असेन. तोवर माझा आक्षेप कायम.