गावचं बंद घर, मिस्तरी आणि मृग : तुमचे अनुभव सांगा

ओसरीवरची
सकाळी भाच्याने फोटो पाठवला, गावात आखाजीचे (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) झोके बांधलेत. झोक्यामागे आमच्या घराची पाठभिंत दिसली आणि पोहे तसेच राहिले. म्हटलं, लिहूनच टाकू.

मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर नाशिकचा मोठा फ्लॅट विकला, तिथेच एक खोली-किचन घेतलं आणि अमळनेर तालुक्यातलं सासऱ्यांचं धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर राहण्याजोगं करायचं ठरवलं. दिवाळी ते होळी गावात, बाकी नाशकात. मे महिन्यात तिकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा हौस नको.

सासूबाई होत्या तोवर दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी खारी माती पडायची. त्या गेल्या आणि घर गळायला लागलं. मिस्तरींनी एक कोपरा उकलला : खाली सागाचे सर (तुळया), त्यावर आडव्या दांड्या, त्यावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), मग वीतभर माती. त्या मातीत १९४५ सालचा भोकाचा पैसा निघाला! सर ठणठणीत, पण एकाचं भिंतीत गेलेलं टोक उधईने पोखरलेलं. अंगठा दाबला की भुसा.

तेवढ्यात जेठांनी जाहीर केलं, यंदा कानबाई (श्रावणात घरी बसवतात ती देवी) तुमच्याकडे. म्हणजे छत मृगाच्या आत, रंगरंगोटी कानबाईच्या आत. नागपंचमीनंतरचा रविवार काही हलत नाही, हलतो तो मिस्तरी. शेवटी धाबं तसंच ठेवून वर पत्रे टाकले. नैवेद्याचे रोट झाले, सगळी भाऊबंदकी जेवून गेली, पण मोरीला दार नव्हतं. चादर लावली होती.

तुमच्याकडे काय काय झालं?

तापीकाठ
आमना गावमा बी हाईच गत शे. मिस्तरी आखाजीले गया तो कानबाईले उना 😂

बोरीचं पाणी
@तापीकाठ आमचा तर आखाजीला उचल घेऊन पत्त्यांच्या डावावर बसला. नंतर फोन लावला की बायको उचलायची, "ते शेतात गेले." आखाजीला सालदारांचं (वर्षाच्या बोलीवरच्या गड्यांचं) नवं साल धरतात, तेव्हा सगळा गावच जागा बदलतो. त्या आठवड्यात काम धरूच नये.

निवृत्त गार्ड, भुसावळ
आमची मुदत मृगाची नव्हती, रेल्वेची होती. निवृत्तीनंतर क्वार्टर साध्या भाड्याने चार महिने ठेवता येतं, पुढे भाडं वाढतं. तोवर यावल तालुक्यातलं वडिलांचं घर उभं करायचं होतं. क्वार्टरमधलं सामान दोन खोल्यांत बसेना. लोखंडी कपाट चौकटीतून आत जाईना, दार जुनं, बुटकं. चौकट सागाची, तोडायला मन होईना. कपाट सगळा हिवाळा ओसरीत उभं होतं. शेजारणीची कोंबडी त्याच्याखाली अंडी घालायची, त्यावरून दोन्ही घरांत रीतसर भांडण झालं. अजून बोलत नाहीत.

कपाशीवाली
अंडी कोणाची ठरली मग?

निवृत्त गार्ड, भुसावळ
आम्ही खाल्ली.

चाळीसगावकर
पाटणादेवीच्या बाजूला आमचं कौलारू आहे. पावसाने कमी, वानरांनी जास्त मोडलं. दर वर्षी कौलं बदला, दर वर्षी यांची टोळी वरून पळणार. शेवटी पत्रा मारला. आता रात्री उडी मारली की बॉम्ब पडल्यासारखं वाटतं.

मुरूम
थोडं कामाचं सांगतो, बांधकामातलाच आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. मिस्तरी आग्रह करणारच, त्याला ते सोपं पडतं. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती आत कोंडतं. एक-दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पापुद्र्यासकट खाली येतो, सोबत भिंतीची मातीही आणतो. चुना करा, नाहीतर सरळ मातीचं लिंपण. दुसरं, मळ्यात नवी खोली काढणार असाल तर पाया काळ्या मातीत सोडू नका, खाली मुरूम लागेपर्यंत जा. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, भिंतही तिच्याबरोबर चिरते. जुन्या लोकांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी शेतीला ठेवली, ते उगाच नाही.

ओसरीवरची
@मुरूम हे आधी कुठे होतात हो तुम्ही! आमच्या मागच्या खोलीला सिमेंटच मारलंय.

उधना-सुरत
आम्ही वर्षभर इकडे, गावी फक्त लग्नसराईत आणि कानबाईला. घर नंदुरबारकडे. दुरुस्ती फोनवरून चालते. मिस्तरी व्हिडिओ कॉल करतो आणि फक्त चांगली भिंत दाखवतो. "दादा, डावीकडे फिरव ना" म्हटलं की रेंज जाते.

तापीकाठ
😂😂 डावीकडे रेंज नसतेच

धाकटी सून
आमचं अजून सुरूच नाही. घर आजेसासऱ्यांच्या नावावर, तीन आत्या, दोन काका. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) आहे. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली, तीही आजेसासऱ्यांच्याच नावे. एक आत्या म्हणते हक्कसोड देते, पण आखाजीला माहेरपण करायचं. मी म्हटलं, अहो आत्या, कुठे करू? छत कुठंय?

बोरीचं पाणी
आत्यांना साडी घ्या आणि आधी सही घ्या. क्रम चुकवू नका.

धाकटी सून
साडी देऊन झाली 🤦‍♀️

कपाशीवाली
घाईत लिहितेय, कुकर लागलाय. दसऱ्यानंतर काम काढायचं म्हणाल तर विसरा. कापूस वेचणीला लागले की बिगारी मिळत नाही, वेचणीला रोकडा किलोवर मिळतो, तुमच्या घमेल्यांना कोण येतो. आमच्या न्हाणीघराची फरशी होळीपर्यंत अर्धीच होती. पाहुणे आले की म्हणायचे, "डिझाईन छान आहे."

जळगाव-पुणे
विषय थोडा सोडून : त्या धाब्यातल्या जुन्या पऱ्हाट्यांचं काय केलंत? त्यावर भरीत भाजलं असतं की.

ओसरीवरची
भाजलं ना! काही उधईने खाल्लेल्या होत्या, उरलेल्या मस्त पेटल्या. मिस्तरी, बिगारी सगळे जेवले, कळण्याची भाकरी होती. त्या दिवशी काम शून्य.

जळगाव-पुणे
वांगी कुठली? बामणोदची का?

निवृत्त गार्ड, भुसावळ
बामणोदशिवाय भरीत करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

कपाशीवाली
तुम्ही तसंही कोणाशी बोलत नाही काका, शेजारणीचं ऐकलं आम्ही.

चाळीसगावकर
@मुरूम चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालतात ना? आमचे एक बाबा आहेत, ते म्हणतात घाणीचाच (बैल जुंपून दगडी चाकाखाली मळलेला) चुना पाहिजे. घाणी आता कुठे चालू आहे का आपल्या भागात? आणि ओसरीवरची ताई, मोरीचं दार लागलं का?

ओसरीवरची
लागलं. उलटं लागलंय, बाहेरून कडी आहे. मिस्तरी म्हणाला, पुढच्या आखाजीनंतर येतो.