मदत हवी आहे: वरून भारी, खालून बारीक अंगाला बसणारा स्विमिंग कॉस्च्युम

मैत्रिणींनो, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. पुण्यात सकाळची लेडीज बॅच मिळाली, पण कॉस्च्युम काही केल्या मिळत नाहीये.

माझं वय ४७, छाती ४२, कंबर ३५, नितंब ३८ आणि धड लांब. एक्सेल घातला की पट्टे खांद्यात रुततात, तासाभराने लाल वळ उठलेले असतात. डबल एक्सेल घेतला तर छातीला बरा, पण मांड्यांशी ढगळ, पाण्यात उतरलं की मागे फुगतो. फ्रॉकवाला घेऊन पाहिला, तर त्याचा घेर पाण्यात वर तरंगतो आणि हात मारताना मध्ये येतो. कॉटनचा टी-शर्ट तलावावर चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या मापाचा घ्यावा असं वाटतंय. कुणी वापरलाय का? सूर मारताना टॉप वर सरकतो का? आतून छातीला नीट आधार असलेला कुठे मिळेल? लायक्रा शिवून देणारा टेलर माहीत असेल तर तेही सांगा. क्लोरीनने लायक्रा लवकर सैल पडतो, म्हणून पॉलिएस्टर जास्त असलेलं कापड चालेल. बाह्या कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत हवेत. मला त्यात मोकळं वाटायला हवं, छान दिसायलाही हवं.

सोमवारपासून बॅच आहे.