फिरत्या ड्रिलवर हातमोजे नकोतच

ड्रिल मशीनवर हातमोजे सक्तीचे करावेत, अशी सूचना केली जाते. ती सद्हेतूची असली तरी मला धोक्याची वाटते. धारदार पत्रा उचलताना मोजा हात वाचवतो. फिरत्या ड्रिलमध्ये मात्र त्याचा एक धागा अडकला, की मोजा बोटासकट गुंडाळला जातो आणि हात मागे घ्यायला सवडच मिळत नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 22 मध्ये चालू यंत्राची तपासणी वा तेलपाणी करणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे पुरवण्याची अट होती, ती उगीच नव्हे. बोट तुटलेच तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.