थिअरी शूटनंतर चिकटवायची असते का?

रीळवेडी

परवा या मंचावर 'थेटभेट' यांनी म्युझिक व्हिडिओ करायला निघालेल्या विद्यार्थ्यांना सल्ला दिला: गाणं निवडा, कॅमेरा उचला, शूट करा, मल्वी, गुडविन, बार्थ ही थिअरी मांडणारी मंडळी प्रकल्पाचा अहवाल लिहिताना लागतात, तेव्हा बघता येईल. त्याखाली 'शंभर टक्के सहमत'ची रांग लागली आहे. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते.

हा सल्ला मी पाळलेला आहे. आमचा चौघींचा गट होता. गाणं गटातल्याच एकीने लिहिलेलं आणि गायलेलं, दुरावलेल्या मैत्रिणीबद्दल. ओळीत दार आलं की आम्ही दार दाखवलं. पाऊस आला की काचेवर पाणी मारलं. रिकामी खुर्ची आली की रिकामी खुर्ची. शूट मजेत झालं. संकलनाला बसलो आणि पहिलं कडवं संपायच्या आत आम्हालाच कंटाळा आला, कारण जे कानाला कळून चुकलं होतं तेच डोळ्याला पुन्हा ऐकवणं चाललं होतं.

शब्द आणि दृश्य यांच्या नात्याबद्दल गुडविनने १९९२ मध्ये जे तीन प्रकार मांडले ते आम्हाला वर्गात शिकवले होते: दृश्य शब्दाचंच चित्र काढतं (इलस्ट्रेशन), शब्दात भर घालतं, नाहीतर शब्दाशी फटकून वागतं. वहीत तीन रंगांत लिहिलेलं होतं. शॉटलिस्टमध्ये, म्हणजे घ्यायच्या शॉटच्या यादीत, प्रत्येक ओळीपुढे यातला कुठला प्रकार ते लिहायला दहा मिनिटं लागली असती. आमचे २२ शॉट होते आणि २२च्या २२ पहिल्या प्रकारातले. कागदावर ते एका नजरेत दिसलं असतं, आणि शूटला आठवडा शिल्लक असताना दिसलं असतं.

अहवालात मी लिहिलं, 'आम्ही जाणीवपूर्वक इलस्ट्रेशनचा मार्ग निवडला.' हे खोटं होतं. त्याला गुणही मिळाले. मला राग आहे तो याचा. शॉट घेण्याआधी थिअरी आपल्याला अडवते, प्रश्न विचारते. नंतर चिकटवली की तिची सबब होते.

थेटभेट

माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी पुढे लिहिलं होतं की 'शूट करा, बघा, पुन्हा शूट करा'. पुन्हा शूट करायला वेळ उरावा म्हणून लवकर सुरुवात करा, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या गटाने नेमकं तुम्ही म्हणता तसं केलं होतं. सहा आठवड्यांपैकी चार आठवडे स्लाइड. डायर, हॉल, मल्वी, प्रत्येकाला एकेक पान. मूडबोर्ड, म्हणजे व्हिडिओच्या रंगरूपाचा चित्रफलक, तर इतका देखणा की सगळ्यांना तो दाखवत फिरलो. कॅमेरा हातात आला एका दुपारपुरता. घरी येऊन बघतो तर प्रत्येक शॉटवर दिव्यांचे काळे पट्टे सरकतायत आणि स्लो मोशनमध्ये एकाही ओळीला ओठ जुळत नाहीत. गायक ओठ हलवतोय एक आणि ऐकू येतंय भलतंच, तर मल्वी काय करणार तिथे? तो व्हिडिओ आम्ही कुणाला दाखवू शकलो नाही. त्या दिवसाची लाज अजून जात नाही माझी.

जुना संकलक

थेटभेट, स्लो मोशनमध्ये ओठ न जुळणं हे नशीब नव्हे, साधा भागाकार आहे. संकलनाची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची आणि शूट ५० वर, तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. गायक त्या वेगाने म्हणणार, दृश्य निम्म्यावर आणलं की ओठ मूळ गाण्यावर बसणार. तुम्ही कितीवर शूट केलं होतं?

आणि पट्टे शटरचे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो त्याचे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा धडधडतो, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचं. मग प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०.

थेटभेट

शूट ६० वर. गाणं दुप्पटच वाजवलं होतं. टाइमलाइन २५.

जुना संकलक

मग झालंच. ६० ला २५ने भागा, २.४ येतात. गाण्यातली ४ सेकंदांची ओळ तुमच्या गायकाने २ सेकंदांत म्हटली, ती पडद्यावर ४.८ सेकंद चालली. पुढची ओळ सुरू झाली तरी हा अजून मागच्याच ओळीवर. हे शूटच्या आदल्या दिवशी कागदावर दोन मिनिटांत कळतं. आणि हो, हे रीळवेडी यांच्याच बाजूने जातं. पूर्वतयारी कमी पडली.

थेटभेट

कमी पडली ती तांत्रिक तयारी. थिअरीच्या ४० स्लाइडमध्ये हा भागाकार एकाही पानावर नव्हता, आणि शिकवणाऱ्यांनीही कधी काढला नाही. मी तेच तर म्हणतोय!

तिसरी घंटा

दुप्पट वेगाने गायचं हे संकलकांना सोपं वाटतं, कारण कॅमेऱ्यासमोर ते उभे राहत नाहीत. मी राहिले आहे. जबडा आवळतो, मान ताठ होते, श्वास घ्यायला जागाच राहत नाही. दृश्य हळू केलं की हा सगळा ताण आणखी ठळक दिसतो. विरहाच्या गाण्यात माझा चेहरा भांडल्यासारखा आला होता आणि सगळे मला म्हणत होते, 'तू अभिनयात कमी पडलीस.'

जुना संकलक

दुप्पटच हवं असं कुठे आहे? टाइमलाइन २४ची ठेवा, ३० वर शूट करा, गाणं १.२५ पट वेगाने वाजवा. सहज म्हणता येतं आणि हालचालीला जो किंचित तरंगतेपणा येतो तो विरहाला पुरेसा असतो. निम्मा वेग लागतो तो पाणी, केस, कापड यांना, आणि तिथे ओठ नसतातच.

अर्धा_ठोका

फोनवर शूट करणाऱ्यांसाठी: पुष्कळ फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतात. सुरुवातीला ओठ बरोबर आणि गाणं संपेतो घसरलेले दिसतात ते त्यामुळे. स्थिर वेग ठेवणारं ॲप वापरा, नाहीतर संकलनाआधी फाइल स्थिर वेगात बदलून घ्या.

आणि ठोक्यावर कट मारणाऱ्यांनी एक हिशोब करून पाहावा. मिनिटाला १२० ठोके आणि २५ फ्रेम म्हणजे ठोक्याला साडेबारा फ्रेम. अर्धी फ्रेम कापता येत नाही, त्यामुळे एकाआड एक कट अर्ध्या फ्रेमने इकडेतिकडे होतो. २४ वर त्याच वेगाला दर ठोक्याला बरोबर १२ फ्रेम येतात.

जुना संकलक

अर्धी फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. कुणाला दिसतो तो? उगाच पोरांना घाबरवू नका.

अर्धा_ठोका

मला दिसतो. मी तबला वाजवतो. 'कुणाला दिसतो' म्हणत कामं उरकायची, आणि मग विद्यार्थ्यांचे व्हिडिओ ढिले का वाटतात म्हणून विचारायचं.

जुना संकलक

चाळीस वर्षं कात्री चालवली आहे मी. प्रत्येक ठोक्यावर कट मारणारा व्हिडिओ ढिला नसला तरी यंत्रासारखा होतो. कट थोडा आधी पडला की डोळा पुढच्या चित्रावर पोचतो आणि मग ठोका येतो, त्यात मजा आहे. हे फ्रेम मोजून येत नाही.

रीळवेडी

माझी दोघांनाही विनंती आहे. इतका वेळ आपण फ्रेमा मोजतोय. उपयोगाचं आहे, मी स्वतः उतरवून घेतलंय. पण तो स्लो मोशनचा शॉट घ्यायचाच का, हे इतक्या प्रतिसादांत एकानेही विचारलेलं नाही. कोणाला हळू करायचं, तिच्या कुठल्या भागावर कॅमेरा ठेवून, आणि बघणारा तेव्हा कुठे उभा आहे? माझा धागा याबद्दल होता.

तिसरी घंटा

मी सांगते. वर ज्या व्हिडिओबद्दल लिहिलं त्यातच हे झालं. गाणारी मी, कॅमेरा मित्रांकडे. मला सांगितलं होतं की 'इकडून तिकडे चालत जा, बाकी आम्ही बघतो.' एडिट झाल्यावर दाखवलं. पाठमोरी मी, पाय, मान, ओठ, भिजलेली बाही. सगळं निम्म्या वेगात. माझा पूर्ण चेहरा आणि डोळे एकत्र असा शॉट तीन मिनिटांत दोनदा. गाण्यात बोलणारी मी होते आणि दृश्यात माझे तुकडे होते. मी विचारलं, 'यात मी कुठाय?' तर उत्तर आलं, 'अगं, किती छान दिसतेयस.'

ती मुलं वाईट नव्हती. त्यांनी जे व्हिडिओ पाहिले होते तसाच कॅमेरा त्यांनी ठेवला. मी तो व्हिडिओ थांबवायला सांगितला, गट फुटला, वर्षभर कोणी बोलत नव्हतं. सिनेमा बाईला पुरुषाच्या नजरेने, बघण्याची वस्तू करून दाखवतो हे सांगणारा मल्वीचा लेख १९७५चा आहे. तो नंतर अहवालात चिकटवायचा असेल तर माझ्या पायांच्या शॉटखाली काय लिहायचं होतं त्यांनी?

थेटभेट

तिसरी घंटा, हे वाईट झालं. यात मी तुमच्या बाजूने आहे.

पण मुद्दा सोडत नाही. तुमच्या मित्रांना तुम्ही आधी एकदा विचारलं असतंत, किंवा त्यांनी तुम्हाला रफ कट दाखवला असता, तर थिअरीवाचूनही हे टळलं असतं. आणि मल्वीने लिहिलं ते कथा सांगणाऱ्या हॉलिवूड सिनेमाबद्दल. तिथे पात्र कॅमेऱ्याकडे बघत नाही, आपण अंधारात बसून चोरून बघतो. म्युझिक व्हिडिओत गाणारा थेट आपल्या डोळ्यांत बघून गातो. अख्खा पायाच वेगळा. तरी प्रत्येक विद्यार्थी 'मेल गेझ' (पुरुषी नजर) हा शब्द बूच बसवावं तसा बसवतो. थिअरी आधी आणायची तर निदान कुठली कशाला लागू पडते ते तरी बघा.

रीळवेडी

'तुम्ही आधी विचारलं असतंत' हे वाक्य तुम्ही परत वाचा. जिच्यावर कॅमेरा होता तिनेच विचारायचं?

थेटभेट

बरोबर. ते वाक्य मागे घेतो. विचारायचं काम कॅमेरा धरणाऱ्याचं होतं. बाकीचं मागे घेत नाही.

फळा-खडू

मी हा विषय शिकवते, आणि थेटभेट यांचा रोख आमच्यावर आहे हे कळतंय. त्यातला अर्धा मान्य करायला मला जड जातंय, पण करते. स्लाइडला गुण देण्याची पद्धत आम्हीच लावली, आणि चार आठवडे स्लाइडमध्ये जातात ते त्यामुळेच.

मल्वीबद्दल मात्र थेटभेट यांनी नकळत चांगला प्रश्न हातात दिला आहे. गाणारी कॅमेऱ्याकडे बघते तेव्हा नजर कोणाच्या ताब्यात असते? गुडविनचंही हेच म्हणणं होतं की सिनेमाची थिअरी जशीच्या तशी गाण्याच्या व्हिडिओवर टाकता येत नाही, कारण इथे गायक थेट प्रेक्षकाशी बोलतो. म्हणजे तिसरी घंटा यांच्या व्हिडिओत फक्त तुकडे केले असं झालं नाही, त्यांची उलट बघण्याची सोय काढून घेतली गेली. शॉटलिस्टमध्ये 'ती कॅमेऱ्याकडे बघते का' असा एक रकाना असता तर हे शूटच्या आधी दिसलं असतं.

माझं जुनं दुखणं वेगळंच आहे आणि त्यावर कोणी बोललेलं नाही. मुलं लोकेशनसाठी वणवण करतात, पण गायक कोण आहे हे ठरवत नाहीत. डायरने १९७९ मध्ये ताऱ्याबद्दल जे लिहिलं ते इथे हातोडी-खिळ्याइतकं उपयोगी आहे: तारा आपल्यातला वाटला पाहिजे आणि आपल्यापलीकडचाही. एका गटाचा गायक व्हिडिओत साध्या शर्टातला लाजरा मुलगा होता. अल्बमच्या कव्हरवर तोच काळा चष्मा लावून गाडीवर. पोस्टरवर नुसती सावली. तीनही चित्रं सुबक. पण ती तीन वेगळ्या माणसांची. मी त्यांना विचारलं, 'हा मुलगा एकटा असताना काय करतो?' कोणालाच सांगता येईना. प्रतिमा घडवणं म्हणजे हे आधी ठरवणं. मग एखादी वस्तू, एखादा रंग, बसण्याची एक ढब तिन्ही ठिकाणी फिरून येते आणि बघणारा त्याला ओळखू लागतो.

अर्धा_ठोका

हे पटलं. पण १२० ठोक्यांना २४ची टाइमलाइन, हे मी सोडणार नाही.

थेटभेट

फळा-खडू, तुम्ही अर्धं मान्य केलंत म्हणून मीही अर्धं करतो. रकान्यांना माझा विरोध नाही. ओळ, शॉट, गुडविनचा प्रकार, ती कॅमेऱ्याकडे बघते का, फ्रेमचा वेग, गाण्याचा वेग. एका पानावर मावतं. ४० स्लाइडना विरोध होता आणि आहे.

पण एक अट. ते पान भरलं की त्याच दिवशी फोनवर एक कडवं शूट करायचं. गायकाऐवजी गटातलं कोणीही उभं करा. रीळवेडी यांना २२ शॉट एकाच प्रकारातले आहेत हे कागदावर दिसलं असतं हे खरं, पण त्याने कंटाळा येतो हे त्यांना एडिटमध्येच कळलं.

रीळवेडी

हो, ते एडिटमध्येच कळलं. कागदावर २२ खुणा बघून कदाचित मी म्हटलं असतं, 'वा, किती शिस्तीत झालंय.' एवढं तुमचं बरोबर आहे, आणि मला ते आवडलेलं नाही.

पण कडवं शूट करायच्या आधी पान. यावर मी हटणार नाही. आमच्या गाण्यातल्या 'रिकामी खुर्ची'च्या ओळीला आता मी खुर्ची दाखवणार नाही. दोघींसाठी पानं घेणारी मुलगी दाखवेन, एकाच ताटात दोनदा वाढणारी, आणि खुर्ची फ्रेमबाहेर. गाणारीला आधी विचारेन की ती तेव्हा कॅमेऱ्याकडे बघणार आहे की ताटाकडे.

तिसरी घंटा

ताटाकडे. आणि शेवटच्या शब्दावर एकदाच वर.

जुना संकलक

तो शेवटचा शब्द १.२५ पट वेगात घेणार असाल तर ट्रॅकच्या सुरुवातीला चार टिकटिक भरून ठेवा, कॅमेऱ्याचा आवाजही चालू ठेवा. नाहीतर ती वर बघेल तो क्षण जुळवायला माझ्यासारख्याला रात्रभर बसावं लागेल.