मदत हवी आहे : पानिपतावर गारद्यांच्या तोफा नेमक्या कुठे कमी पडल्या?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात गावच्या वाचनालयात पानिपतावर बोलायचं आहे. तयारी करताना तोफखान्यापाशी येऊन अडकलोय.

फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी निजामाला नमवलं, साठ लाखांचा मुलूख मिळवला. इब्राहिमखान गारदी तेव्हा सोबत होता. त्याचे गारदी म्हणजे फ्रेंच पद्धतीनं शिकलेलं कवायती पायदळ आणि तोफा. अकरा महिन्यांत, 14 जानेवारी 1761 ला, हाच माणूस पानिपतावर डाव्या बगलेला होता. सकाळी त्याच्या पलटणींनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. तरी संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

माझ्या समजुतीप्रमाणे मराठ्यांच्या तोफा जड, एकदा लावल्या की हलवणं मुश्कील. अब्दालीकडे उंटावरच्या सुतरनाळा, हव्या तिथे पळवता येणाऱ्या. शिवाय आपले घोडेस्वार पुढे घुसले की गारद्यांना मारा थांबवावा लागे, असं वाचलंय. मला हे कारण सर्वांत पटतं, कारण गोलाची लढाई (सैन्यानं तोफा-पायदळासह गोल धरून एकत्र लढणं) आणि गनिमी काव्यात वाढलेलं घोडदळ यांचा मेळ बसणं अवघडच.

जाणकारांनी कृपया सांगावं : घोडदळ तोफांच्या आड आल्याचा उल्लेख समकालीन पत्रांत आहे का, की फक्त नंतरच्या बखरींत? आणि दारूगोळा किती उरला होता, याची कुठे नोंद सापडते का? अन्नाची उपासमार सगळे सांगतात, दारूगोळ्याबद्दल कुणीच बोलत नाही. पत्रांचे छापील खंड कुणाकडे असतील तर त्या पानांचे फोटो टाकलेत तरी फार उपकार होतील.