मदत हवी आहे: आरओच्या वेस्ट पाण्यासाठी बाष्पीभवन तळं, पावसाळ्याचं गणित कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. म्हणजे पक्का खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गावात आरओ बसला. त्याचं वेस्ट पाणी दिवसाला साधारण २,००० लिटर, बोअरपेक्षाही खारं, आणि ते सरळ नाल्यात जातं. नाल्याकाठच्या काळ्या मातीवर पांढरा थर धरलाय. चिमूटभर जिभेवर ठेवला तर कडवट-खारट लागतो. खालच्या वावरांत हरभरा विरळ उगवतोय. जमीन आधीच चोपण (क्षारांनी घट्ट, पाणी न मुरणारी), तिला अजून मीठ पाजणं मला बघवत नाही.

म्हणून पन्नी टाकलेलं उथळ तळं करून पाणी उन्हात उडवायचा विचार आहे. उन्हाळ्याचा हिशेब सोपा. एक मिमी पाणी उडालं की चौरस मीटरमागे एक लिटर गेलं. मे महिन्यात कोरडं वारं सुटलं की पॅनमधलं (हवामान केंद्रात बाष्पीभवन मोजायला ठेवलेल्या उघड्या भांड्यातलं) बाष्पीभवन दिवसाला १० मिमीच्या वर जातं, तळ्याला त्याच्या ०.७ पट धरतात. म्हणजे नवतपात ३०० चौरस मीटर तळं रोजचं पाणी रोज संपवेल.

घोडं अडतं मृगापासून. आपल्याकडे वर्षाला ८०० मिमीच्या आसपास पाऊस, बहुतेक चार महिन्यांतच. ३०० चौरस मीटरवर तो जवळपास २.४ लाख लिटर होतो, आणि तेवढ्या काळात आरओही तेवढंच सोडणार! वरून ढगाळ, दमट हवा. हिवाळ्यात ऊन असतं, पण वेग मे महिन्याच्या निम्माही नसतो. शिवाय पाणी जितकं खारट होत जाईल तितकं ते कमी उडणार, त्यामुळे ०.७ हा आकडाही पुढे टिकणार नाही.

माझा कल पसरट तळ्याकडे आहे. पसरट तळं पाऊस जास्त झेलेल हे खरं, पण वर्षभरात इथे पावसापेक्षा बाष्पीभवन बरंच जास्त. फक्त पावसाळा थोपवायला काठ किती उंच घ्यावा? एकाऐवजी दोन कप्पे केले तर फायदा होईल का? पश्चिमेला बाभळींची रांग आहे, ती वारा अडवते. तोडायची इच्छा नाही, तर तळं तिच्यापासून किती लांब घ्यावं? शेततळ्याची ५०० मायक्रॉनची पन्नी भेगाळणाऱ्या-फुगणाऱ्या काळ्या मातीवर टिकते का? आणि तळाशी साचलेलं मीठ वाऱ्याने वावरात उडू नये म्हणून कोणी काय केलंय? खारपाणपट्ट्यात असं तळं प्रत्यक्ष चालवणारं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा, मृगाआधी खोदकाम उरकायचंय.